कागद पुढच्या आठवड्यात, लेक मागच्याच?

पत्र:

ताई, माझी मुलगी तिसरीत आहे. दर शुक्रवारी तिच्या दप्तरातून एक कागद येतो. त्या आठवड्यात वर्गात काय काय शिकवलं, ते त्यावर विषयवार लिहिलेलं असतं. गेल्या शुक्रवारचा कागद असा होता : भाषा – जोडाक्षरं असलेले शब्द, उताऱ्यावरील प्रश्न. गणित – उसने घेऊन तीन अंकी वजाबाकी (हे दोन आठवडे झाले, तेच चालू आहे). परिसर – पाण्याच्या अवस्था, बाष्पीभवन.

शनिवारी सकाळी मी हा कागद घेऊन तिच्याजवळ बसते आणि दहाव्या मिनिटाला आमच्याकडे रडारड सुरू होते. बाष्पीभवन म्हणजे काय विचारलं, तर म्हणाली, "आम्हाला शिकवलंच नाही." उतारा घडाघडा वाचला, पण प्रश्नाचं उत्तर म्हणून उताऱ्यातलं पहिलंच वाक्य उतरवून काढलं. तीन अंकी वजाबाकी तर जमेचनाच, म्हणून सोपं म्हणून ५२ − २७ दिलं, तर उत्तर ३५. हे तिला मागच्या वर्षी येत होतं!

तिचे बाबा म्हणतात, सोडून दे, मोठी झाली की येईल. मला मात्र भीती वाटते. कागद दर आठवड्याला पुढे सरकतो आणि ती मागेच राहते आहे असं वाटतं. आठवडाभराचं सगळं मी घरी पुन्हा शिकवू का? की कागद बघायचंच सोडून देऊ? आणि रोज "आज काय शिकलीस?" विचारलं की "काही नाही" एवढंच उत्तर येतं, त्याचं काय करू?

– एक आई

उत्तर:

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना माझं लक्ष तुमच्या तक्रारीपेक्षा तुमच्या नोंदींवर जास्त गेलं. उत्तर चुकलं एवढंच लिहून तुम्ही थांबला नाहीत, ३५ आलं हे लिहिलंत. उत्तर आलं नाही एवढंच न लिहिता, तिने पहिलं वाक्य उतरवलं हे टिपलंत. इतकं बारकाईने बघणारी आई असेल, तर निम्मं काम झालेलं असतं. तेव्हा कागद बघणं सोडू नका. पण शनिवारी सकाळी त्या कागदाची जी प्रश्नपत्रिका होते, ती बंद करा.

तो कागद बाईंच्या आठवड्याची नोंद आहे. त्यांनी काय शिकवलं ते त्यावर आहे, तुमची लेक काय शिकली ते त्यावर नाही आणि असूही शकत नाही. मराठीत 'शिकवणं' हे 'शिकणं'चं प्रयोजक रूप आहे, 'बसणं-बसवणं', 'हसणं-हसवणं' यांच्यासारखं. बाळाला बसवलं की ते बसतं, हसवलं की हसतं. म्हणून शिकवलं की शिकून झालंच, असं आपली भाषाच आपल्याला सुचवत राहते. मी बावीस वर्षं प्राथमिकच्या वर्गांवर होते. सोमवारी शिकवलेलं शुक्रवारी सगळ्या वर्गाला आलं, असा एकही आठवडा मला आठवत नाही. काहींना त्याच दिवशी उमगतं, काहींना पुढच्या महिन्यात, दुसराच काही भाग चालू असताना. आणि काहींना पुढच्या वर्षी तोच भाग पुन्हा आला की पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळतो.

प्राथमिकचा अभ्यासक्रम हे गृहीत धरूनच आखलेला असतो. जेरोम ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० साली मांडलं की मुलांना तीच कल्पना पुन्हा पुन्हा भेटायला हवी, दर वेळी थोड्या खोलीवर. एखाद्या गोल जिन्यासारखं. आपण फिरून त्याच खिडकीपाशी येतो, पण एक मजला वर. वजाबाकी पहिलीत आहे, दुसरीत आहे, तिसरीत आहे, चौथीतही आहे. कागदावर ती एका ओळीत मावते म्हणून ती एका आठवड्याची गोष्ट ठरत नाही.

आता त्या ३५ कडे येऊ. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट ती आहे.

५२ मधून २७. एककाच्या घरात वर २, खाली ७. दोनातून सात जात नाहीत. मग तिने काय केलं? सातातून दोन वजा केले, ५. पाचातून दोन गेले, ३. झाले ३५. ही धांदरटपणाची चूक नाही, तिने एक नियम काटेकोरपणे पाळला आहे : 'दोन आकड्यांमधला मोठा बघायचा आणि त्यातून लहान काढायचा.' नियम चुकीचा आहे, पण तो तिला कुठून मिळाला हे सहज समजतं. लहान असताना आपणच तिला सांगितलेलं असतं की वजाबाकीत मोठ्या संख्येतून लहान संख्या जाते. १९७८ साली जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या दोघा संशोधकांनी मुलांच्या अशा चुकांचा बारकाईने अभ्यास केला. त्यातल्या कितीतरी चुका निष्काळजीपणातून येत नाहीत, त्यांच्यामागे एक ठरलेला चुकीचा नियम असतो, हे त्यांनी दाखवून दिलं. मोठ्यातून लहान काढण्याचा हा नियम तर जगभरच्या वर्गांमध्ये दिसतो.

पडताळून बघायचं असेल, तर तिला ८१ − ३६ द्या. ५५ आलं, तर तोच नियम. ६३ − २८ चं ४५ आलं, तर शंकाच उरली नाही. मग एकच गोष्ट दुरुस्त करायची आहे, तिला गणित येत नाही असं म्हणायचं कारण नाही.

दुरुस्ती कशी करायची? पुन्हा 'शेजारच्याकडून उसना घे, इथे एक कमी कर, तिथे एक लिही' हे सांगू नका. ते वर्गात सांगून झालेलं आहे. काड्या घ्या. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे दोरा किंवा रबर लावून करा, दोन सुट्ट्या ठेवा. हे ५२. आता तिला म्हणा, "यातल्या सत्तावीस मला दे," आणि गप्प बसा. गप्प बसणं हा यातला सगळ्यात अवघड भाग आहे. ती दोन गठ्ठे उचलून देईल. मग सात सुट्ट्या काड्या शोधेल. दोनच आहेत. इथे ती तुमच्याकडे बघेल. तुम्ही काड्यांकडे बघा. मी पुष्कळ मुलांसमोर हा क्षण अनुभवला आहे, कधी अर्धा मिनिट जातो, कधी तीन मिनिटं. आणि मग हात गठ्ठ्याकडे जातो आणि रबर निघतं. त्या रबर निघण्यात अख्खी तीन अंकी वजाबाकी आहे. नंतर विचारा, "आता तू जे केलंस, ते वहीत कसं लिहिशील?" पाचाचे चार का झाले आणि दोनाचे बारा का झाले, हे तिने स्वतःच्या हाताने केलेलं असल्यामुळे लिहिताना तिला कारण माहीत असेल.

'उसने' या शब्दाबद्दल माझी जुनी कुरकुर आहे, ती इथे सांगूनच टाकते. उसनं घेतलं की परत करायचं असतं, हे लहान मुलांना पक्कं ठाऊक असतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं, "बाई, तो दशक परत कधी द्यायचा?" तेव्हापासून मी 'दशक सुटा करणं' किंवा सरळ 'गठ्ठा सोडणं' असंच म्हणत आले. कोणी कोणाकडून काही घेत नाही. बावन्न तेवढेच राहतात, फक्त वेगळ्या मांडणीत : चार गठ्ठे आणि बारा सुट्टे. घरी तुम्हीही हाच शब्द वापरून बघा. वर्गात 'उसने' म्हणत असतील, तर "त्यालाच बाई उसने म्हणतात" एवढं सांगितलं की पुरे.

मागच्या वर्षी येत होतं आणि आता येत नाही, याचा तुम्हाला धक्का बसला आहे. असं होतं, आणि पुष्कळ होतं. दोन अंकी उदाहरणं तिने पायऱ्या पाठ करून सोडवली असतील, तर तीन अंकी आल्याबरोबर त्या पायऱ्या अपुऱ्या पडतात आणि मूल अडचणीत आपल्या सगळ्यात जुन्या, सवयीच्या नियमाकडे परत जातं. त्यात आपल्या संख्यानामांचीही एक गंमत आहे. आपण म्हणताना एकक आधी म्हणतो : बावन्न, म्हणजे आधी दोन आणि मग पन्नास. लिहिताना मात्र पाच आधी. म्हणून बावन्न ऐकून २५ लिहिणारी मुलं दर वर्गात असतात. एकोणसाठमध्ये तर साठाचं नाव घ्यायचं आणि लिहायचं पन्नासच्या घरात. तुमची लेक संख्या ऐकून बरोबर लिहिते ना, तेवढं एकदा बघून घ्या. मध्ये न टोकता, पाच-सहा संख्या सांगून.

बाष्पीभवनाबद्दल ती "शिकवलंच नाही" म्हणाली, ते खोटं नव्हतं असं मला वाटतं. वर्गात बहुधा असं झालं असेल : बाईंनी फरशीवर थोडं पाणी सांडलं, त्याच्या कडेने खडूने रेघ मारली, तासाभराने पुन्हा बघितलं, डबकं रेघेच्या आत आलेलं. मुलं दंग. मग फळ्यावर शब्द आला. तुमच्या लेकीच्या डोक्यात फरशी आहे, खडूची रेघ आहे, शेजारच्या मुलाचा त्या पाण्यात पडलेला पाय आहे. शब्दाची चिठ्ठी त्या सगळ्याला अजून चिकटलेली नाही. तुम्ही चिठ्ठी वाचून दाखवलीत, तिला त्यामागचं काही आठवलं नाही.

तिला असं विचारून बघा : "ओली फरशी वाळते, तेव्हा पाणी जातं कुठे?" तिसरीतली मुलं सहसा म्हणतात, जमिनीत मुरतं. या उत्तराला "चूक" म्हणू नका. एका स्टीलच्या ताटलीत चमचाभर पाणी ठेवा आणि विचारा, "यातलं कुठे मुरेल?" संध्याकाळपर्यंत तिला विचार करू दे. पुष्कळ मुलांना वाटतं की पाण्याची वाफ व्हायला ऊन लागतं किंवा पाणी उकळावं लागतं. पुष्कळ मोठ्यांनाही तसंच वाटतं. प्रत्यक्षात पाण्याच्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन कुठल्याही तापमानाला चालूच असतं, उन्हात आणि वाऱ्यात ते भराभर होतं एवढंच. एक ओला रुमाल सावलीत वाळत घाला आणि तो वाळल्यावर तिला हात लावून बघायला सांगा. 'बाष्पीभवन' हा शब्द तिला मग एकदाच सांगावा लागेल.

आता वाचन. उतारा घडाघडा वाचते आणि पहिलं वाक्य उतरवते. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ साली वाचनाबद्दल एक साधं सूत्र मांडलं : वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा कळणं. बेरीज नाही, गुणाकार. दोनांतलं एक शून्य झालं की सगळं शून्य. कुठली बाजू कमी पडते आहे ते घरीच कळू शकतं. तोच उतारा तुम्ही तिला वाचून दाखवा, तिने फक्त ऐकायचं, आणि मग तेच प्रश्न तोंडी विचारा. तिला उत्तरं आली, तर ऐकून तिला कळतं आहे, वाचताना मात्र सगळी ताकद अक्षरं जुळवण्यात, विशेषतः जोडाक्षरं आणि रफार सोडवण्यात, खर्च होते आहे. घडाघडा वाचणाऱ्या मुलांतही हे असतं, त्यांचा वेग हा पुष्कळदा श्वास रोखून पळण्यासारखा असतो. अशा वेळी तोच उतारा दोन-तीनदा सावकाश, आवाजात चढउतार घेत वाचायला लावा. आणि ऐकूनही उत्तरं आली नाहीत, तर उताऱ्यातले शब्द किंवा त्यातला विषयच तिला अनोळखी आहे.

विषय ओळखीचा असण्याने किती फरक पडतो, याचा एक प्रयोग मला फार आवडतो. १९८८ साली अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीतल्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात पक्क्या पण खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा ते वर्णन चांगलं सांगू शकली. म्हणजे तुमच्या कागदावरची परिसराची ओळ भाषेच्याही कामाची आहे. ताटलीतल्या पाण्यावर तुम्ही जे बोलाल, ते तिला पुढे ढगांवरचा उतारा वाचताना उपयोगी पडेल. आणि तिसरीत आहे म्हणून तिला वाचून दाखवणं बंद केलं असेल, तर ते पुन्हा सुरू करा. तिला स्वतः वाचता येतं त्याच्यापेक्षा थोडं अवघड असं काहीतरी, रोज, तिच्या अंगाला अंग लावून. मी पालकांना दिलेल्या सगळ्या सल्ल्यांमध्ये मला याची खात्री सगळ्यात जास्त आहे.

पहिलं वाक्य उतरवण्याचा उपाय वेगळा आहे. वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि "काय झालं सांग" एवढंच म्हणायचं. मिटलेल्या पुस्तकातून पहिलं वाक्य उतरवता येत नाही.

मग कागदाचं काय करायचं? माझं म्हणणं असं : या आठवड्याचा कागद वाचा, एका फायलीत लावा आणि शनिवारी काढा तो तीन आठवड्यांपूर्वीचा. त्यातल्या दोन गोष्टी, दहा मिनिटं, तोंडी किंवा काड्या-मण्यांनी. संपलं.

तुम्हाला हे उलटं वाटेल. ताजं विचारण्याऐवजी शिळं का? कारण ताजं बाई विचारतच असतात आणि त्याचा गृहपाठही असतो. तीन आठवड्यांपूर्वीचं मात्र कोणीच विचारत नाही आणि ते हळूहळू निसटत असतं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने निरर्थक अक्षरजोड्या पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. शिकलेलं सगळ्यात वेगाने निसटतं ते सुरुवातीलाच, आणि एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा मध्ये दिवस जाऊ देऊन केलेली उजळणी जास्त टिकते, हे त्यात दिसलं. पुढे २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली, तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. नंतर शाळकरी मुलांच्या वर्गांमध्येही याच दिशेचे निष्कर्ष निघाले. आठवायला थोडे कष्ट पडले की ते पक्कं बसतं, आणि कष्ट पडायला मध्ये थोडं विसरलेलं असावं लागतं. म्हणून शनिवारी ती अडखळली, तर आपण अगदी योग्य वेळी विचारलं असं समजा. थोडं थांबा, एखादी खूण द्या, तरीही नाही आलं तर सांगून टाका आणि पुढच्या शनिवारी तेच पुन्हा विचारा. डोळ्यांत पाणी दिसलं, की दहा मिनिटं पूर्ण झाली नसली तरी फाईल बंद. गणिताची भीती एकदा बसली, की मूल विचार करायला जी जागा वापरतं तीच जागा ती अडवते. मग येत असलेलंही येत नाही.

आठवडाभराचं सगळं पुन्हा शिकवू का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं आहे. नको. तुमची लेक पाच दिवस शाळेत बसून आलेली असते. सहाव्या दिवशी घरात दुसरी शाळा भरली, तर तिला आईकडे जायला जागा कुठली?

दोन आठवडे वजाबाकीच चालू आहे हे तुम्ही कंसात लिहिलं आहे, आणि त्या कंसात थोडी नाराजी आहे. मला तिथे आनंद झाला. बाईंनी वह्या तपासल्या असणार, ८१ − ३६ = ५५ अशी उत्तरं एकापेक्षा जास्त वह्यांत दिसली असणार, आणि पुढचा घटक पूर्ण करायची घाई मागे ठेवून त्या थांबल्या असणार. अशा थांबणाऱ्या बाई मिळणं भाग्याचं आहे.

"काही नाही" या उत्तराने फार दुखावून घेऊ नका. सहा तासांत तिने पाच विषय, एक भांडण, एक तुटलेली पेन्सिल आणि एक गुपित एवढं सगळं पाहिलेलं असतं. "काय शिकलीस?" हा प्रश्न त्या ढिगाला कुठूनच धरता येत नाही. कागदाचा खरा उपयोग इथे आहे, तो तुम्हाला धरायला मूठ देतो. "बाईंनी वजाबाकीला काड्या काढल्या की मणी?" "ते पाणी वाळायला किती वेळ लागला?" "आज कोणाचं उत्तर सगळ्यांपेक्षा वेगळं आलं?" हा शेवटचा प्रश्न माझा आवडता. दुसऱ्याचं वेगळं उत्तर सांगताना मुलं आपलं उत्तरही समजावून सांगतात, आणि ते समजलं आहे की नाही ते आपल्याला ऐकू येतं. दारातून आत येताच विचारू नका. झोपायच्या वेळी दिवा घालवल्यावर विचारा, किंवा चालता चालता, एकमेकींकडे बघत नसताना. आणि आधी तुम्ही काहीतरी सांगा : "आज मला एक गोष्ट समजायलाच खूप वेळ लागला." मोठ्यांनाही वेळ लागतो, हे तिला तुमच्या तोंडून कळू दे.

तिचे बाबा म्हणतात, मोठी झाली की येईल. त्यांचा धीर मला पटतो, पण 'आपोआप येईल' हे पटत नाही. जिना गोल असला तरी एखादी पायरीच निखळलेली असेल, तर वरच्या मजल्यावरही ती त्रास देते. काड्या हातात देऊनही दोन-तीन महिन्यांनी गठ्ठा सुटा करणं कळलं नाही, फळ्यावरचं वाचताना ती डोळे बारीक करत असली, सगळ्याच विषयांत ओळखीचे शब्दही दर वेळी नव्याने जुळवावे लागत असले, किंवा शाळेच्या सकाळी पोट दुखायला लागलं, तर वाट बघू नका. बाईंना भेटा. मात्र "कशी आहे अभ्यासात?" असं विचारू नका, त्याला "ठीक आहे, लक्ष द्यायला हवं" याशिवाय काय उत्तर मिळणार? वही उघडून ती ३५ दाखवा आणि विचारा, "दशक सुटा करताना ती अडकते असं मला घरी दिसलं. वर्गातही असंच दिसतं का?"

त्यासाठी भेटीची वाट बघायलाही नको. कागद दर शुक्रवारी शाळेतून घरी येतो, तो सोमवारी घरून शाळेत जाऊ दे. पाठीमागे दोन ओळी लिहा. एका वर्षी एका आईने मला असं लिहून पाठवलं होतं : 'काड्या दिल्या तर जमतं, वहीत जमत नाही.' एवढंच. तीस-पस्तीस मुलांच्या गर्दीत मी त्या मुलाला पुन्हा पुन्हा काड्याच देत होते. त्याला गरज होती ती काड्या आणि आकडे यांच्या मधल्या पायरीची, गठ्ठ्यांची चित्रं काढून त्यांच्यावर काट मारण्याची. त्या एका ओळीने माझा कितीतरी वेळ वाचला आणि त्या मुलाचे कितीतरी कोरडे तास वाचले. ते मी अजून विसरलेली नाही.

येत्या शनिवारी फाईल बाजूलाच ठेवा. फक्त काड्यांचं ५२ − २७ करा. ते दोन शनिवार सहज जमलं, की दहा-दहा गठ्ठे एकत्र बांधून शंभराचे तीन मोठे गठ्ठे करा, शेजारी दोन सुट्ट्या काड्या ठेवा, मध्ये दहाचा एकही गठ्ठा नको, आणि तिला यातल्या १४७ द्यायला सांगा. ३०२ − १४७ हे तिसरीतलं सगळ्यात अवघड उदाहरण आहे, कारण दशकाच्या घरात सोडायला काही नाहीच. आधी शंभराचा एक गठ्ठा सोडून दहाचे दहा करायचे, मग त्यातला एक सोडून सुट्ट्या करायच्या : दोन शंभर, नऊ दहा, बारा सुट्ट्या. उत्तर १५५. तुम्ही काहीही सांगू नका. त्या रिकाम्या जागेपाशी तिचा हात कुठे जातो ते बघा, आणि मला लिहून कळवा.